संध्याकाळचं माप

पायाचं माप दिवस कलताना घ्यावं, हे मला माझ्या सासऱ्यांनी शिकवलं. दिवसभर माणूस उभं राहतं, चालतं, पाय सुजतो. सकाळच्या मापाचा बूट संध्याकाळी चावतो. माझ्या दुकानात सकाळी कोणी नवे बूट शिवायला आलं तर मी सरळ सांगते, "पाचनंतर या." गिऱ्हाईक कितीही मोठं असो, कितीही घाईत असो. लोक म्हणतात, बाईच्या नाकावर राग आहे. असू दे. एकतीस वर्षांत माझा एक बूट परत आलेला नाही.

माझी मुलगी मोटारसायकलवरून रक्त पोचवते. रक्तपेढीतल्या पिशव्या गार पेटीत ठेवायच्या आणि ज्या दवाखान्यात लागतील तिथे नेऊन द्यायच्या, हे तिचं काम. लहानपणापासून एका जागी बसणं तिला ठाऊक नाही, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणतात, आणि पेढीतही तेच नाव चिकटलं. तिथे बारा जण गाडी चालवतात आणि गाड्या आठ. ज्याची पाळी येईल त्याने समोर उभी असेल ती घेऊन निघायचं. बारा जणांत सगळ्यात वेगाने पोचणारी भिंगरी, हे मी म्हणत नाही. त्यांच्या भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलेलं होतं. मी स्वतः जाऊन वाचून आले होते, दोनदा.

आठ महिन्यांपूर्वी सुट्टीच्या दिवशी ती मला मदत करायला दुकानात आली. तळ दाबायच्या यंत्राखाली तिने बूट सरळ केला आणि मी पायपट्टी दाबली. ती म्हणते, हात मी घातला. मी म्हणते, पट्टी मी दाबली. दोघींचंही खरं आहे, पण उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं ते तिचं, माझं नाही. हे मी एकदाच सांगते.

जखम भरल्यावर ती पेढीत गेली. तिथल्या गाड्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांना सगळे नुसतं प्रमुख म्हणतात. शब्द उसने आणून बोलावं तसं ते मोजकं बोलतात. त्यांनी तिला पिशव्यांवर लेबलं लावायचं टेबल देऊ केलं. भिंगरी म्हणाली, "सर, मला गाडी येते. लेबलं नाही येत." खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी, हा स्वभाव तिने कोणाकडून घेतला ते आमच्या घरात कोणी विचारत नाही. शेवटी प्रमुखांनी एक संधी दिली. सोमवारी सकाळी आठ वाजता परीक्षा. सगळ्यांची होते तीच, सवलत नाही. सरावासाठी शेडमधली सगळ्यात जुनी गाडी चार दिवस घरी न्यावी आणि तिच्यावर काय ते करावं. नापास झाली तर लेबलांचं टेबल, आणि गाडीचा विषय कायमचा बंद.

गुरुवारी संध्याकाळी ती गाडी आमच्या दारात आली. चालवत आणली शेजारच्या गॅरेजवाल्याने. भिंगरी मागे बसली होती. तिला गाडीवर मागे बसलेली मी तोपर्यंत कधी पाहिली नव्हती. ती खाली मान घालून उतरली, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

"दाखव मला, अडतं कुठे," मी म्हटलं.

तिने गाडी स्टँडवर लावली आणि उजवा हात हँडलवर ठेवला. अडचण मला तेव्हा समजली. उजव्या हाताला दोन कामं एकाच वेळी असतात. मूठ पिळून वेग कमीजास्त करायचा आणि पुढचा ब्रेक दाबायचा. तुम्हीआम्ही दोन बोटं ब्रेकवर ठेवतो आणि उरलेल्या दोन बोटांनी मूठ धरतो. भिंगरीकडे अंगठा आणि दोनच बोटं. ती ब्रेकवर गेली की मुठीला धरायला कोणी उरत नाही. रबरी मूठ हातात गुळगुळीत फिरते. मागच्या महिन्यात तिने गुपचूप प्रयत्न केला होता आणि दोनदा पडली होती, हे मला त्या संध्याकाळी कळलं. गुडघ्यावरचा डाग जिन्यात घसरल्याचा आहे असं तिने मला सांगितलं होतं.

मी तिला त्याबद्दल जे बोलायचं ते बोलले. मग म्हटलं, "मूठ बदलायची."

"बाजारात असली मूठ मिळत नाही काकू," गॅरेजवाला म्हणाला.

"माझ्याकडे येतात ते पाय तरी कुठे बाजारातले असतात?" एक पाय आखूड असलेला पोस्टमन, बोटं वाकलेल्या परिचारिका, पायाला सहा बोटं असलेला एक शिंपी, सगळे माझे बूट घालून चालतात. हात म्हणजे काय, पायाचाच वरच्या मजल्यावरचा भाऊ.

गॅरेजवाला हसला नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. उलट त्याने मला तीन गोष्टी नीट समजावल्या. उजवी मूठ दांड्यावर बसत नाही. दांड्यावर एक प्लास्टिकची नळी फिरते, तिच्यावर बसते. मुठीची कड बटणांच्या डबीला घासता कामा नये, नखाएवढी फट हवी. आणि काहीही झालं तरी हात सोडला की मूठ आपली आपण मागे फिरून टक्क वाजली पाहिजे. "ती मागे आली नाही काकू, तर गाडी थांबणार नाही," तो म्हणाला. मी तिन्ही गोष्टी पाठ केल्या.

डावीकडे त्याने साधी नवी रबरी मूठ बसवली. उजवीकडची जुनी मी कातडं कापायच्या रापीने उभी चिरली आणि केळ्याच्या सालीसारखी सोलून काढली.

शुक्रवारी मी माप घेतलं. कधी? संध्याकाळी सहाला, अर्थातच. कणकेचा घट्ट गोळा नळीवर थापला आणि भिंगरीला म्हटलं, गाडी चालवतेस तशी धर, आता ब्रेक दाब. तिने धरलं. कणकेत अंगठा उमटला, दोन बोटं उमटली, आणि जिथे बाकीची दोन हवी होती तिथे नुसती हाताची कड उमटली. त्या जागेकडे मी बराच वेळ बघत बसले. मग उठले आणि कातडं भिजत घातलं.

शनिवारचा सगळा दिवस त्यात गेला. भिजलेलं कातडं नळीभोवती ओढून बसवलं की वाळताना ते आवळतं आणि मग हलत नाही. खालच्या बाजूने मेणाच्या दोऱ्याने बारीक टाके घातले. तळाच्या कातड्याचे तीन थर एकावर एक चिकटवून, कानशीने घासून एक उंचवटा केला आणि तो गेलेल्या बोटांच्या जागी बसवला, म्हणजे हाताची कड त्याच्यावर टेकेल आणि अंगठ्याच्या मदतीने मूठ धरून ठेवेल. आमचे हे, म्हणजे माझे यजमान, मधूनमधून चहा आणून ठेवत होते. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणी विचारलं की काय चाललंय, तर हे म्हणायचे, "झाकली मूठ सव्वा लाखाची," आणि स्वतःच हसायचे. एकतीस वर्षं मी त्यांचे विनोद सोसते आहे.

मूठ झाली तेव्हा मला ती फार आवडली. खोटं कशाला बोलू. मी ती फिरवून सोडली, टक्क वाजली. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्क. शेजारणीला मुद्दाम बोलावून दाखवली.

रविवारी सकाळी सहा वाजता रस्ता मोकळा होता. भिंगरी गाडीवर बसली. हवेत गारठा होता. ती कोपऱ्यापर्यंत ठीक गेली, वळली, परत येऊ लागली, आणि दुकानासमोर थांबायला तिने ब्रेक दाबला तशी गाडी थांबायच्या ऐवजी उसळली. पायरीला धडकून बंद पडली. पुढचा दिवा तडकला. तिला काही झालं नाही, हे मी लगेच सांगते, कारण मला ते कळायला जो क्षण लागला तेवढा कोणाला लागू नये.

"हात आत हलतो," ती म्हणाली. "मोठ्या बहिणीचा बूट घातल्यासारखा. उंचवटा आहे, पण तो मला लागतच नाही. ब्रेक दाबला की हात घसरतो आणि मूठ उलटीच पिळली जाते."

"लागत नाही कसा? कणकेवर बरोबर लागत होता."

तिने हात माझ्यासमोर धरला. सकाळचा, गारठ्यातला हात. हाडं दिसत होती. मी त्या हाताकडे पाहिलं आणि माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. दुखापत झालेला हात दिवसभरात सुजतो, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी तो फुगलेला होता. मी त्या फुगलेल्या हाताचं माप घेतलं होतं, आणि परीक्षा सकाळी आठला होती.

"आई," भिंगरी हळूच म्हणाली, "तू संध्याकाळचं माप घेतलंस."

एकतीस वर्षं ज्या नियमावर मी मिरवत होते त्यानेच मला खड्ड्यात घातलं. दुसऱ्या कोणी ही चूक केलीच नसती. गॅरेजवाल्याने केली नसती, आमच्या ह्यांनीसुद्धा केली नसती. ती करायला माझ्याएवढं शहाणं असावं लागतं.

मी पायरीवर बसले. म्हटलं, "दोनदा. दोनदा तुझ्या हाताचं मीच वाटोळं केलं." आणि मग मला रडू आलं, भर रस्त्यात, पेपर टाकणाऱ्या बाईच्या देखत.

भिंगरी माझ्याशेजारी बसली. आठ महिन्यांत आम्ही त्या दिवसाविषयी धड बोललो नव्हतो. नुसतं मी दाबली, मी घातला, एवढंच. ती म्हणाली, "तुझ्यावर राग आला होता मला. पहिले दोन महिने. तुला कधी सांगितलं नाही."

"मला दिसत होता."

"आता नाहीये. आता माझा हात गार आहे तोवर माप घेतेस का? ऊन वर आलं की पुन्हा सुजेल. आणि रडायचं असेल तर कातड्यापासून लांब रड, डाग पडतात."

माझ्या पोटची मुलगी मला माझ्याच दुकानातलं वाक्य ऐकवत होती. मी उठले.

कणीक मळली, सकाळच्या हाताचा ठसा घेतला. मग माझ्याच हाताने घातलेले बेचाळीस टाके मी रापीने एकेक करून तोडले. स्वतःचं चांगलं काम उसवणं म्हणजे काय असतं ते उसवल्याशिवाय कळत नाही. पण उसवता उसवता एक गोष्ट लक्षात आली. सकाळच्या मापाचं केलं तर सोमवारची परीक्षा पार पडेल, पण दुपारनंतर हात सुजला की तीच मूठ बोचेल. तिला काय एक दिवस गाडी चालवायची होती? तिला रोज चालवायची होती, सकाळपासून संध्याकाळपर्यंत.

बूट सैल झाला की आपण काय करतो? आत सुकतळा घालतो. मी उंचवटा खिशाच्या जाडीएवढा घासला, म्हणजे खिशासकट तो संध्याकाळच्या हाताला बसेल, आणि त्यावर कातड्याचा एक छोटा खिसा शिवला. खिशात सरकतील असे दोन पातळ सुकतळे कापले. सकाळी दोन्ही घालायचे. दुपारी एक काढायचा. संध्याकाळी दुसराही काढायचा. गॅरेजवाला आला, त्याने खिशात बोट घालून पाहिलं, मूठ पिळली, सोडली, टक्क ऐकलं आणि म्हणाला, "काकू, हे मला सुचलं नसतं." मी म्हटलं, "तुला कसं सुचेल, तू अनवाणी गाड्यांत वाढलास." कातडं वाळायला पंखा लावला आणि आमचे हे दिवसभर दारात खुर्ची टाकून गिऱ्हाइकांना सांगत बसले, "आज माप हुकलंय, उद्या या." तेव्हा मात्र मी हसले.

रात्री मी झोपले की नाही ते विचारू नका.

सोमवारी पहाटे तिने रिकाम्या रस्त्यावर चार फेऱ्या मारल्या आणि अंगठा वर केला. आठला आम्ही रक्तपेढीच्या मागच्या अंगणात होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मी गेले, आणि मला कोणी हटकलंही नाही. अंगणात रंगाचे रिकामे डबे ओळीने मांडलेले होते, एक चढ होता आणि जमिनीवर पांढरी रेघ. प्रमुख गळ्यात शिट्टी अडकवून उभे होते. बाकीचे चालक भिंतीशी चहाचे पेले घेऊन उभे होते आणि आपण बघत नाही आहोत असं दाखवत होते.

भिंगरीने हातमोजा चढवला. डब्यांमधून ती आत-बाहेर करत गेली, एकालाही न शिवता. चढावर मधोमध थांबली, पुन्हा निघाली, गाडी तसूभर मागे आली नाही. मग सरळ रेषेत वेगाने येताना प्रमुखांनी अचानक शिट्टी मारली. हीच ती जागा होती. दोन बोटं ब्रेकवर गेली. मी तिच्या तोंडाकडे नाही, मुठीकडे बघत होते. मूठ मागे फिरली, गाडी थांबली. पुढचं चाक पांढऱ्या रेघेवर.

"पुन्हा," प्रमुख म्हणाले.

पुन्हा थांबली. त्यांनी तिसऱ्यांदा करायला लावलं आणि शिट्टी उशिरा मारली. तिसऱ्यांदाही थांबली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? भिंतीशी उभ्या चालकांपैकी एकाने चहाचा पेला खाली ठेवला.

"पूर्वीसारखीच चालवतेस," प्रमुख म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे भाषणच. मग ते स्वतः गाडीवर बसले. प्रत्येक गाडी ते स्वतः चालवून बघतात, तसा त्यांचा नियम आहे. त्यांनी मुठीवर हात ठेवला आणि त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं. पाच बोटांच्या हाताला ती मूठ धरताच येईना. उंचवटा जिथे होता तिथे त्यांची करंगळी होती. ते थोडं पुढे गेले, अडखळले, उतरले.

"ही गाडी दुसऱ्या कोणाला चालवता येणार नाही," ते म्हणाले. "इथे गाडी सगळ्यांची असते. पाळीला जो येईल त्याला चालवता आली पाहिजे."

हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. चार दिवस आम्ही एका हाताचा विचार करत बसलो आणि बाकीचे बावीस हात विसरलो. माझ्या घशाशी चांगले दहा-बारा शब्द आले. एकतीस वर्षं मी एकेका पायासाठीच बूट शिवले, दुसऱ्याला बसावेत म्हणून नाही, असं काहीतरी मी बोलणार होते आणि ते सभ्यपणे बोलणार नव्हते. पण भिंगरीने माझ्याकडे बघितलं आणि मी गप्प बसले.

"मग ही माझी," ती म्हणाली.

"इथे कुठलीच गाडी कोणा एकाची नसते."

"सर, आम्ही बारा जण आहोत. त्यांतले अकरा दहा बोटांचे. त्यांना सात गाड्या राहतात, त्यांतली कुठलीही घ्या. मला ही एकच चालते, आणि ती सगळ्यांत जुनी आहे. पाळीला मला दुसरी गाडी दिलीत तर रक्त वाटेत सांडेल. ही दिलीत तर पोचेल. तक्ता बघा, पूर्वी कसं पोचत होतं."

प्रमुख मुठीपाशी वाकले. त्यांनी तिच्यावरच्या खिशात बोट घातलं, सुकतळा बाहेर काढला, परत घातला.

"हे कोणी शिवलं?"

"मी," मी म्हटलं.

"पावसात?"

"मेण पाजलंय."

"उसवलं तर?"

"माझं दुकान आठला उघडतं. हिच्यासाठी सहाला उघडीन."

तेवढ्यात आतून एक परिचारिका धावत आली. पलीकडच्या मोठ्या दवाखान्यात शस्त्रक्रिया चालू होती आणि रक्त कमी पडलं होतं. चार पिशव्या हव्या होत्या, ताबडतोब. भिंतीशी उभे असलेले चालक आपापल्या गाड्यांकडे वळले. प्रमुखांनी हात वर करून त्यांना थांबवलं. मग भिंगरीच्या हातातली किल्ली घेतली, तिच्यावर लटकवलेली, पाळीच्या बाराही जणांची नावं असलेली चिठ्ठी फाडून स्वतःच्या खिशात टाकली, आणि किल्ली तिला परत दिली.

"निघ," ते म्हणाले.

गार पेटी मागे बांधली गेली. भिंगरीने एकदा मूठ फिरवून सोडली, टक्क ऐकलं आणि फाटकातून बाहेर पडली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्या उजव्या हाताकडे बघत होते. घट्ट, पक्का, कामात गुंतलेला हात. आठ महिने त्या हाताकडे नजर गेली की मी आधी नसलेली दोन बोटं मोजत होते. त्या दिवशी मोजायची राहून गेली.